परवाना कुणाच्या नावावर?

दसरा आटोपला की मानोरा, मालेगाव, रिसोड या तालुक्यांतल्या तांड्यांवर मुकादमांच्या गाड्या फिरू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि कोयत्यामागे ठरलेली उचल. ती बहुधा पावसाळ्यातच हातात पडलेली असते आणि खर्चूनही झालेली असते. बियाणं, दवाखाना, मुलीचं लग्न. मग दिवाळीच्या मागंपुढं ट्रक लागतो. भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे, काही कर्नाटकाकडे, उसाच्या फडावर निघतात. काम जड असतं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तांड्यावर बसून बोलायला लागलं की लोक कामाच्या जडपणाबद्दल फारसं बोलतच नाहीत. मुकादमाने टनाचा हिशेब वाकडा लावला, बाई आजारी पडली, शेजारच्या कारखान्यावर दर बरा मिळत होता, तरी हलता आलं नाही, हे ते सांगतात. उचल फिटेपर्यंत माणूस त्या मुकादमाचा. हंगाम संपला आणि बाकी उरली, तर पुढच्या हंगामातही त्याचाच.

याच तांड्यांवरची, याच गावांमधली विशी-पंचविशीतली मुलं आता आखाताचं नाव काढू लागली आहेत. वाशीम जिल्हा परदेशी जाणाऱ्यांचा म्हणून कधीच ओळखला गेला नाही. तो मान रत्नागिरीचा. अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीवर जगतो. नीती आयोगाने देशातल्या ज्या मागास जिल्ह्यांना आकांक्षित म्हटलं, त्यात वाशीमचं नाव आहे. समृद्धी महामार्ग मालेगाव, शेलूबाजार, कारंजावरून जातो. त्यावरून मुंबईला जाणं सोपं झालं, पण त्याच्या कडेला पोरांना सामावून घेतील असे कारखाने उभे राहिले नाहीत. त्यामुळे पुणे, मुंबई, सुरत झाल्यावर पुढचं नाव सौदी, दुबई, कतार यांचं निघतं.

मानोरा तालुक्यातल्या एका तरुणाने मला मोबाइलवर आलेला व्हिसाचा फोटो दाखवला. आई-वडील कोयत्यावर जाणारे, स्वतः पुण्यात सेंट्रिंगचं काम केलेला. एजंटने दीड लाख मागितले होते आणि पन्नास हजार देऊन झाले होते.

"भाऊ, हा आझाद व्हिसा हाय," तो म्हणाला. "कोणाच्याबी हाताखाली काम करता येते. मुकादम नाही, काही नाही. पटलं नाही तर दुसरीकडं जायचं."

त्याच्या डोळ्यांत पगाराच्या आकड्याहून या गोष्टीचा आनंद मोठा होता. आई-बापाला जे कधी मिळालं नाही, ते त्याला मिळणार होतं. त्या अरबी कागदावर काय लिहिलं आहे, हे कारंजाच्या एका ओळखीच्या मौलवींना वाचायला दिलं. मालकाच्या जागी एका सौदी माणसाचं नाव होतं. पेशाच्या जागी होतं: घरगुती वाहनचालक. या मुलाला गाडी चालवता येत नाही.

*

आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. आखातातली जुनी व्यवस्था कफालतीची आहे: परदेशी कामगाराचा व्हिसा, त्याचा तिथला राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, सगळं एका कफीलाच्या नावावर. तो व्यक्ती असो वा कंपनी. आझाद व्हिसात होतं असं की एखादा स्थानिक माणूस आपल्या नावावर व्हिसा काढतो, प्रत्यक्षात त्याला कामगार नकोच असतो. तो व्हिसा तो दलालांच्या साखळीत विकतो. साखळीच्या या टोकाला आपल्याकडचा एजंट, त्याच्या खाली तालुक्याच्या गावातला सब-एजंट, बहुधा नात्यातलाच कुणी. कामगार तिकडे उतरतो, स्वतः काम शोधतो, आणि कफीलाला दर महिन्याला किंवा इकाम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पैसे देतो. जोवर कफील खुश, तोवर स्वातंत्र्य.

कायद्याच्या नजरेत मात्र तो दुसऱ्याच्या जागेवर काम करणारा गुन्हेगार असतो. त्याला काम देणारा ठेकेदार हे जाणतो, म्हणून पगार बुडवायला घाबरत नाही. बुडवलेल्या पगाराची तक्रार करायला माणूस जाणार कुठे? कफीलाचं मन फिरलं तर तो 'हुरूब' नोंदवतो, म्हणजे माझा कामगार पळून गेला अशी तक्रार. त्या एका नोंदीने इकामा मातीमोल होतो, बँक खातं थांबतं, पकडलं गेल्यास कोठडी आणि हद्दपारी. घरी दीड लाखाचं व्याज चालूच.

या मुलाचं म्हणणं मात्र खोटं नाही. त्याला जे हवं आहे ते अगदी बरोबर आहे. मालक बदलण्याची मुभा हीच परक्या देशातल्या कामगाराची सगळ्यात मोठी ढाल असते, आणि हे त्याला कुठल्याही पुस्तकाशिवाय, आई-बापाचे हंगाम पाहून कळलं आहे. एजंट लोक नेमकी हीच भूक ओळखतात आणि तिच्यावर बनावट माल विकतात.

या भुकेला आकड्यांचा आधारही आहे. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०११ पर्यंत करार संपला तरी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय दुसरीकडे जाता येत नव्हतं. त्या महिन्यापासून करार पूर्ण केलेल्यांसाठी ही अट गेली. सुरेश नायडू, यॉ न्यार्को आणि शिंग-यी वांग या तीन अर्थशास्त्रज्ञांनी हजारो कामगारांच्या पगाराच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचे करार सुधारणेनंतर संपले त्यांची कमाई दहा टक्क्यांच्या वर वाढली. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही: दार उघडल्यावर बहुतेक लोक पळून गेले नाहीत. उलट जुन्याच मालकाकडे टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, कारण मालकांनी त्यांना टिकवायला पगार वाढवले. या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्याने येणाऱ्या कामगारांची मागणी आणि त्यांचा पगार थोडा उतरला, कारण पहिल्या करारात ते अजून बांधलेलेच होते. तरी, पगार ठरवण्यात सोडून जाण्याच्या हक्काचं वजन किती आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

बहरीनने याहून पुढचं पाऊल टाकून पाहिलं. जुलै २०१७ मध्ये त्यांनी 'फ्लेक्सी परमिट' आणलं: कामगार स्वतःच स्वतःचा प्रायोजक, कुणाकडेही, कितीही जणांकडे काम करायचं. आझाद व्हिसावर अडकलेल्यांना कायद्यात आणण्याचा तो प्रयत्न होता. पण त्यासाठी सरकारला भरायची फी हातावर पोट असलेल्या कामगाराला जड होती, विमा आणि इतर खर्च त्याच्याच डोक्यावर आले, आणि स्थानिक व्यापाऱ्यांनी विरोध लावून धरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा परवाना बंद झाला आणि त्या जागी वेगळी नोंदणी पद्धत आली. कतारने फुटबॉल विश्वचषकाच्या आधी, २०२० मध्ये, मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि महिन्याला १,००० रियालचं किमान वेतन ठरवलं. ओमानने जानेवारी २०२१ पासून ना-हरकत पत्र काढलं. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून, एक वर्ष काम झाल्यावर मालकाच्या संमतीविना बदलीची वाट उघडली. कुवेत मात्र उलट्या दिशेने गेला. जुलै २०२५ पासून तिथे खाजगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर पडतानाही मालकाची परवानगी घ्यावी लागते.

सौदीच्या सुधारणेत एक खाच आहे आणि आमच्या मानोऱ्याच्या मुलाचं नशीब त्या खाचेत आहे. घरकाम करणारे, घरगुती वाहनचालक, माळी, मेंढपाळ, शेतमजूर यांना ती सुधारणा लागू केली नव्हती. त्याच्या कागदावरचा पेशा कुठला होता, ते वर आलंच आहे. खऱ्या बांधकाम कंपनीच्या व्हिसावर, बांधलेला म्हणून गेला असता, तर वर्षभराने त्याला मालक बदलण्याचा कायदेशीर हक्क मिळाला असता. 'आझाद' म्हणून गेला तर तो कधीच मिळणार नव्हता.

*

आपलं सरकार या वाटेवर कुठे उभं आहे? १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने आखात, मलेशिया अशा काही देशांत कामाला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद ठरवली. त्याला जाण्याआधी मंजुरी लागते. करारनामा ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीत नोंदवावा लागतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपयांच्या हप्त्यात दहा लाखांचं संरक्षण मिळतं. नोंदणीकृत एजंटने ३० हजार रुपये आणि त्यावरच्या जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घ्यायचं नाही, असा नियम आहे. दीड लाख मागणारा एजंट त्या क्षणीच नियमाबाहेर गेलेला असतो.

पण दहावी झालेल्याला 'ईसीएनआर' मिळतं आणि या सगळ्या तपासणीतून तो मोकळा होतो. ज्या काळी दहावी म्हणजे शिकलेला माणूस होता, त्या काळचा हा विचार आहे. आज वाशीमच्या तांड्यावरचा पोरगा दहावी असतो, बारावी असतो, आयटीआयही झालेला असतो, आणि जातो मात्र सेंट्रिंगच्या किंवा गोदामाच्या कामालाच. शिकला म्हणून सरकारने त्याच्या करारनाम्याकडे पाहायचं सोडलं. ज्याच्याकडे पाहायचं, त्यालाही एजंट पर्यटक व्हिसावर पाठवून चाळणीतून काढतो. माझ्या मते ही दहावीची रेषा आता काढून टाकायला हवी. तपासणी कामाच्या प्रकारावर ठरावी, शाळेच्या दाखल्यावर नव्हे.

कामगाराला असं मालकाशी बांधून ठेवण्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८५९ मध्ये कायदा केला की आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला न्यायदंडाधिकाऱ्याने कामावर परत पाठवावं, नाही गेला तर तुरुंगात टाकावं. उचलीला सरकारी दंडुक्याचं बळ देणारा तो कायदा १९२५ पर्यंत जिवंत होता. त्याच काळात मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर पाच वर्षांच्या गिरमिटावर गेली. मळा सोडून फिरताना सापडला तर भटकेपणाचा गुन्हा. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. स्वतंत्र भारतात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, आणि कर्जापोटी माणसाला कामाशी बांधणं गुन्हा ठरला. राज्यघटनेने देशात कुठेही जाण्याचा, कुठलाही धंदा करण्याचा हक्क दिला. तरी साखरपट्ट्यातल्या उचलीच्या कागदांवर या कायद्याचा उजेड अजून पुरता पडलेला नाही, आणि परदेशच्या व्हिसावर तर आपला कायदा चालतच नाही.

*

हा प्रश्न फक्त तांड्यावरच्या, दहावी झालेल्या मुलांचा आहे, असं समजायचं कारण नाही. रिसोड, कारंजा, वाशीम इथल्या शिक्षकांची, बँकेतल्या कारकुनांची मुलं अमरावती-पुण्यात इंजिनिअर झाली, हिंजवडीत लागली आणि तिथून अमेरिकेला गेली. त्यांचा एच-वन बी व्हिसाही एका मालकाच्या नावावरच निघतो. अर्ज कंपनी करते, कामगार नाही. दरवर्षी ६५ हजार, आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा, त्याही सोडतीने. ऑक्टोबर २००० च्या एका कायद्याने यात एक मोठी सोय झाली: दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करताच तिथे काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नोकरी गेली तर २०१७ पासून साठ दिवसांची मुदत मिळते. त्यात नवी कंपनी सापडली नाही तर मुलाची शाळा, घराचं कर्ज, सगळं सोडून परत. एल-वन व्हिसावर, म्हणजे आपल्याच कंपनीच्या तिकडच्या शाखेत गेलेल्याला तर तेवढीही मोकळीक नाही. कंपनी बदलायची तर व्हिसाच नवा हवा.

कंपनी ग्रीन कार्डचा अर्ज करते तेव्हा दोरी आणखी आवळते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यात एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा. भारतासारख्या देशाला त्याचा फटका असा की सध्या दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज झालेल्यांचे नंबर लागत आहेत. रांगेतली जागा कंपनी बदलली तरी टिकते, पण बाकी कागदपत्रांची सगळी प्रक्रिया नव्या कंपनीला पहिल्यापासून करावी लागते. म्हणून बढती नाकारणारे, वरिष्ठाचा जाच सोसणारे, आई गेली तरी परत येण्याची जोखीम न घेतलेले लोक या जिल्ह्यातल्या घरांनाही माहीत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावल्यापासून मालकाचं पारडं आणखी जड झालं आहे.

यातली सगळ्यात कमी बोलली गेलेली बाजू बायकांची आहे. एच-वन बी धारकाच्या बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर वर्षानुवर्षं तिला काम करायला मनाई होती. कारंजाची एक मुलगी, संगणकशास्त्रातली पदवीधर, पुण्यातली नोकरी सोडून लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिच्या आईने मला सांगितलं, "पोरगी फोनवर रडत नव्हती, पण बोलतच नव्हती. तिथं तिला कोणी विचारत नव्हतं का तू काय शिकली म्हणून." २६ मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापुढे गेला असेल तर बायकोला काम करण्याचं ओळखपत्र, म्हणजे ईएडी, मिळू लागलं. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ते ओळखपत्र कुणा कंपनीच्या नावावर नसतं. ते तिच्या नावावर असतं. हवी तिथे नोकरी, हवी तेव्हा बदल, स्वतःचा व्यवसायही. नवरा एका मालकाला बांधलेला आणि बायको मोकळी, अशी घरं तयार झाली. त्या मुलीने तीन वर्षांत दोन कंपन्या बदलल्या आणि पगारात नवऱ्याच्या पुढे गेली, हे सांगताना आईचा चेहरा पाहण्यासारखा होता. या नियमाविरुद्ध अमेरिकेत वर्षानुवर्षं खटला चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. पण तिची मोकळीकही नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेलीच आहे. घटस्फोट झाला, नवऱ्याचा व्हिसा गेला, तर तिचंही ओळखपत्र गेलं.

*

मग खरोखरचा मोकळा परवाना, कुणा मालकाच्या नावावर नसलेला, कायद्याने मिळणारा, कुठे आहे? आहे. त्याची दारं अरुंद आहेत, पण आहेत, आणि वाशीममध्ये त्यांची माहिती कुणी सांगत नाही म्हणून मी इथे थोडं सविस्तर लिहितो.

ब्रिटनने भारतासोबत 'यंग प्रोफेशनल्स' योजना २८ फेब्रुवारी २०२३ पासून सुरू केली. १८ ते ३० वयाचा पदवीधर, वर्षाला ३ हजार जागा, सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नाव लागलं तर दोन वर्षं ब्रिटनमध्ये राहून जवळपास कुठलंही काम करता येतं, मालक बदलता येतो. आधी नोकरी मिळवावी लागत नाही. पण खात्यात २,५३० पौंड, म्हणजे आजच्या भावाने सुमारे तीन लाख रुपये, दाखवावे लागतात. वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार वेगळा. आणि दोन वर्षांनी मुदत वाढत नाही. त्याच ब्रिटनमध्ये वृद्धांची शुश्रूषा करायला केअर व्हिसावर गेलेल्यांचं काय झालं, ते शेजारी ठेवून पाहा. व्हिसा एका संस्थेच्या नावावर. सरकारने २०२२ ते २०२४ या काळात ४७० हून अधिक अशा संस्थांचे परवाने रद्द केले, आणि त्यांच्याशी जोडलेले ३९ हजारांहून अधिक कामगार साठ दिवसांत दुसरा मालक शोधायला मोकळे सोडले गेले. ती वाट जुलै २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांसाठी बंदही झाली. गुन्हा संस्थांचा, शिक्षा कामगारांना.

ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या अखेरीस भारतीय तरुणांसाठी 'मेट्स' ही योजना उघडली: अभियांत्रिकी, अक्षय ऊर्जा, खाणकाम, संगणक, कृषितंत्रज्ञान अशा विषयांतले तरुण पदवीधर, वर्षाला ३ हजार, दोन वर्षं मुक्काम. इथेही सोडत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकी झालेल्या वाशीमच्या मुलांनी ही योजना नक्की पाहावी.

कॅनडात परवान्याचे दोन सरळ प्रकार आहेत: बंद आणि खुला. बंद परवान्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं, खुल्यावर नसतं. तिथे शिकलेल्याला शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंतचा खुला परवाना मिळू शकतो. त्यामुळे गेली काही वर्षं खुला परवाना मिळवण्यासाठीच हलक्या दर्जाच्या कॉलेजांत वीस-वीस लाख भरून प्रवेश घेणं, हा धंदाच झाला. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेची परीक्षा आणि विषयांची यादी लावून सरकारने ही वाट आखडली. जमीन गहाण टाकून या वाटेने जाणाऱ्याला मी आज तरी जाऊ नको असंच सांगेन. पण कॅनडाच्या कायद्यात एक तरतूद आहे, जी सगळ्या जगाने उचलावी अशी आहे. जून २०१९ पासून, बंद परवान्यावरच्या कामगाराचा मालक छळ करत असेल, पगार बुडवत असेल, तर कामगार पुरावे देऊन एक वर्षाचा खुला परवाना मागू शकतो. छळ सोसायचा की देश सोडायचा, यातला तिसरा रस्ता. तरीही २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी तोमोया ओबोकाता यांनी कॅनडाच्या बंद परवान्यांच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि आधुनिक गुलामगिरी तिथे रुजते, असं बजावलं. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन बी धारकांना खुला परवाना देऊ केला, मर्यादा १० हजार अर्जांची. ती दोन दिवसांच्या आत भरली. अमेरिकेत चांगल्या पगारावर असलेल्या माणसांना मोकळीक किती हवी होती, ते यावरून कळावं.

जर्मनीचा मामला आमच्या मुलांसाठी सर्वांत जवळचा आहे, कारण तिथे पदवी नसलेल्या कुशल कामगारालाही जागा आहे. जून २०२४ पासून तिथे 'चान्सेनकार्ट' आहे: किमान दोन वर्षांचा मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम, जर्मन किंवा इंग्रजीचं ठरावीक ज्ञान, गुणांकनात सहा गुण, मग मालकाशिवाय वर्षभर तिथे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला वीस तास काम. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, त्यामुळे कागदोपत्री ही वाट त्यांना बंद नाही. पण महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षभराची रक्कम आधी खात्यात अडकवून दाखवावी लागते. ती होते तेरा लाख रुपयांच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि बाजार समितीत तोही मिळत नव्हता. त्या हमीभावाने धरलं तरी तेरा लाखांसाठी जवळपास २४४ क्विंटल सोयाबीन विकावं लागेल. एकरी सात-आठ क्विंटल धरलं तर तीस-पस्तीस एकरांचं पीक, खर्च न वजा करता. वाशीममध्ये इतकी जमीन असलेल्याचा मुलगा फिटर होत नाही.

म्हणजे आज मोकळा परवाना ज्याच्याकडे पैसा किंवा पदवी आहे त्याला मिळतो, आणि ज्याला त्याची गरज सगळ्यात जास्त, त्याला बांधलेला मिळतो. ही मला या सगळ्या शोधातली सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

*

राज्य सरकारने या वाटेवर पाऊल टाकलं आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १० हजार कुशल तरुण पाठवायचे, त्यांना जर्मन भाषा शिकवायची, अशी योजना जाहीर झाली. इस्रायलसाठी बांधकाम कामगार आणि घरगुती शुश्रूषा करणारे यांची भरतीही राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत झाली. जाहिरातींत पगाराचा आकडा ठळक असतो. परवाना कुणाच्या नावावर असेल, मालक बदलता येईल का, किती महिन्यांनी, नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल, याचा शब्द नसतो. वास्तविक सांगण्यासारखं बरंच आहे. जर्मनीत दोन वर्षं विमा भरलेली नोकरी झाली की नोकरी बदलायला रोजगार खात्याची संमती लागत नाही, आणि कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २००६ रोजी, कामगारांसाठी लढणाऱ्या 'काव लाओवेद' या संस्थेच्या याचिकेवर, परदेशी कामगाराला एका मालकाशी बांधणं हे त्याच्या मूलभूत हक्कांवर आघात असल्याचं ठरवलं. तिथे जाणाऱ्या आमच्या मुला-मुलींना हा निकाल माहीत असायला नको का? जपाननेही २०२४ मध्ये कायदा बदलला. प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्याला तीन वर्षं मालक बदलू न देणारी पद्धत २०२७ पासून मोडीत निघते आहे, आणि एक-दोन वर्षांनी त्याच क्षेत्रात बदली करता येणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते जिल्हाधिकारी, कौशल्य विकास कार्यालय आणि जिल्ह्यातल्या आयटीआयच्या प्राचार्यांपर्यंत पोहोचावं. सरकारच्या मार्फत जिल्ह्यात फिरणाऱ्या परदेशी नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत पगाराच्या ओळीखालीच, त्याच टायपात, मालक बदलण्याचा नियम मराठीत छापा. करारनाम्याची मराठी प्रत सही करण्याआधी मुलाच्या हातात द्या. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला एक तास व्हिसा आणि करार वाचायला शिकवा. वेल्डिंग शिकवतो तसंच. जर्मनीसाठी अडकवायच्या रकमेला जिल्हा बँकेने किंवा सरकारने हमी द्यावी. ती रक्कम खर्च होऊन जात नाही, मुलाच्याच खात्यात असते, आणि हमीशिवाय ही योजना आमच्या पोरांसाठी नाहीच.

मानोऱ्याच्या त्या मुलाने उरलेले एक लाख दिले नाहीत. पन्नास हजार परत मिळवण्यासाठी तो अजून त्या सब-एजंटच्या घरी चकरा मारतो आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरातलं कुणी निघण्याच्या तयारीत असेल, त्यांनी पैसे देण्याआधी व्हिसाचा कागद ती भाषा येणाऱ्याकडून वाचून घ्यावा: मालक म्हणून कुणाचं नाव आहे, पेशा कोणता लिहिला आहे आणि तो आपल्या मुलाला येतो का. एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर तपासता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.